सवय कुत्र्याची, शिस्त घराची

नऊ वर्षांपूर्वीची जूनमधली संध्याकाळ. कामावरून घरी आले, दार उघडलं, तर समोर माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा पडलेला. बाकीची चप्पल सोफ्याखाली, चामड्याच्या ओल्या चिंध्या होऊन. भुरी दाराशीच उभी होती. कान मागे, शेपूट पोटाशी, नजर भिंतीकडे. ‘काय केलंय ते बरोबर कळतंय हिला,’ असं म्हणत मी त्या चिंध्या तिच्या नाकासमोर धरून तिला चांगलं झापलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायातली चप्पल गेली.

भुरी तेव्हा पाच महिन्यांची होती. शेजारच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात सापडलेलं गावठी पिल्लू. जंताचं औषध द्यायला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी चपलांची तक्रार सांगितली. त्यांनी तिचा ओठ वर करून दाखवला. वरच्या सुळ्याला खेटून दुसरा एक बारीक, टोकदार सुळा होता. नवा आला होता आणि दुधाचा अजून पडला नव्हता. हिरडी लालभडक झालेली. ‘दात येतायत तिला. चामडं चावलं की बरं वाटतं. तुम्ही चावायला काय दिलंय?’ डॉक्टरांनी विचारलं. मी काहीच दिलं नव्हतं.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेपटाचं तसं असेल, पण सवयींचं नाही. आपल्याला त्रास देणारी कुत्र्याची जवळजवळ प्रत्येक सवय दोन कारणांनी लागते. एक तर त्याची काही गरज भागलेली नसते, नाही तर ती सवय आपणच नकळत लावलेली असते. कुत्र्याचा हिशेब सरळ असतो: ज्यातून काही मिळालं ते पुन्हा करायचं, ज्यातून काहीच मिळत नाही ते हळूहळू सोडायचं. म्हणून कुठलीही सवय खटकली की आधी तीन प्रश्न विचारा. तो हे का करतो? केल्यावर त्याला काय मिळतं? आणि त्याऐवजी काय करायचं, हे आपण त्याला दाखवलंय का?

पडलेल्या चेहऱ्याचा अर्थ

दाराशी उभ्या भुरीचा चेहरा मी अपराधी समजले होते. बहुतेक घरांत असंच होतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा १४ पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘खाऊला तोंड लावायचं नाही’ असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर त्याला कुत्र्याने खाल्लं की नाही ते सांगितलं जायचं, पण ते दर वेळी खरं नसे. कुत्र्याचा तो पडलेला चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. त्याने खरंच खाल्लं होतं का, याच्याशी चेहऱ्याचा संबंध नव्हता. काहीही न करता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे तर जास्तच पडले होते.

म्हणजे तो चेहरा ‘माझं चुकलं’ असं सांगत नाही. ‘तू चिडली आहेस, मला भीती वाटते, जाऊ दे ना’ एवढंच सांगतो. दुपारी दोनला चावलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी सातला ओरडा बसला, तर कुत्रा त्या ओरड्याची सांगड चपलेशी घालू शकत नाही. तुमच्या घरी येण्याशी घालतो. नंतर दिसलेला पसारा म्हणून मुकाट्याने आवरायचा. प्रत्यक्ष करताना दिसला तर एकदाच ठाम आवाजात थांबवायचं आणि लगेच चावायची त्याची वस्तू पुढे करायची. कौतुकालाही हाच नियम. शाबासकी किंवा खाऊ एक-दोन सेकंदांत मिळाला तरच कशाबद्दल मिळाला ते त्याला कळतं.

घरात शब्द एकच

आपल्या घरांत कुत्र्याशी बोलायची गंमतशीर खिचडी असते. मुलगा म्हणतो ‘सिट’, आजी म्हणते ‘बस रे बाबा’, वडील म्हणतात ‘खाली बस’ आणि आई म्हणते ‘गप एका जागी’. चौघांना एकच हवं असतं, कुत्र्याला मात्र चार वेगवेगळे आवाज ऐकू येतात. भाषा मराठी असो की इंग्रजी, त्याला फरक पडत नाही. शब्द छोटा हवा आणि घरात सगळ्यांचा तोच हवा.

आमच्याकडे चार शब्द ठरले: ये, बस, थांब, सोड. ते कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावले. खाली एक नियम लिहिला, ‘शब्द एकदाच म्हणायचा.’ ‘बस, बस, बस, अगं बस ना’ असं म्हणत राहिलं की कुत्रा शिकतो की पाचव्या ‘बस’ला बसलं तरी चालतं. शिकवणी एका वेळी पाच मिनिटांची पुरे, दिवसातून दोनदा-तीनदा, आणि शेवट त्याला जमलेल्या गोष्टीने करायचा.

शब्दांसारखेच घराचे नियमही एक हवेत. पलंगावर चढायचं की नाही, स्वयंपाकघरात यायचं की नाही, हे काहीही ठरवा, पण सगळ्यांसाठी सारखं ठरवा. आईने उतरवायचं आणि मुलाने रविवारी पांघरुणात घ्यायचं, यातून कुत्रा लबाड होत नाही, गोंधळतो.

शी-शूचं वेळापत्रक

पिल्लू घरात शू करतं कारण त्याला दाबून धरता येत नाही. ढोबळ हिशेब असा: जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास, आणि फार तर एक तास वर. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांच्या वर थांबू शकत नाही. झोपेतून उठल्याबरोबर, जेवल्यावर १५-२० मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, या चार वेळा चुकवायच्या नाहीत. दर वेळी त्याच जागी न्यायचं. काम झालं की तिथल्या तिथेच शाबासकी द्यायची, वर घरी आल्यावर नाही. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरायला लागलं की उचलायची वेळ झाली असं समजायचं.

लसींचं पहिलं वेळापत्रक पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर आणि इतर कुत्र्यांच्या जागी सोडू नये, कारण पार्व्होसारखा आजार जमिनीवरूनही लागतो. तोवर बाल्कनीचा एक कोपरा, वर्तमानपत्र किंवा कृत्रिम गवताचा तुकडा चालतो.

घरात झालंच तर नाक त्यात घासणं हा जुना उपाय कायमचा सोडून द्या. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पडद्यामागे जाऊन करतं आणि बाहेर फिरायला नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही. पुसतानाही काळजी घ्या. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या काही जातींत त्या २० कोटींच्या वर असतात. फिनाईल मारलं की आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, त्याला मात्र शूची जागा स्पष्ट कळते आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय फिनाईल पायाला लागतं आणि कुत्रा पाय चाटतो, ते त्याच्या पोटात जायला नको. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं वास मोडणारं क्लीनर वापरा किंवा पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा, आणि फरशी पूर्ण कोरडी करा.

चावणं आणि उड्या मारणं

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून सातव्या महिन्यापर्यंत ते पडून ४२ पक्के दात येतात. या काळात चावणं ही त्याची गरज असते, तिला रोखू नका, वाट करून द्या. कडक रबराचं खेळणं, जाड सुती दोर, फ्रिजरमध्ये गार केलेलं गाजर, ओला करून पीळ देऊन गोठवलेला जुना पंचा यांनी हिरड्यांना आराम पडतो. तुकडे सुटायला लागले की वस्तू काढून घ्यायची. जुनी चप्पल मात्र खेळायला देऊ नका. जुनी चप्पल आणि परवा आणलेली चप्पल यातला फरक त्याला कळणार नाही. चपला कपाटात, चार्जरच्या वायरी उंचावर, ही शिस्त आपण पाळायची.

खेळताना हात चावला तर खेळ तिथेच थांबवा. हात मागे घ्या, पाठ करा, अर्धं मिनिट लक्ष देऊ नका. दात लागला की मजा संपते, हे काही दिवसांत कळतं. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारण्यालाही तोच इलाज. उडी मारतो ती चेहऱ्याजवळ पोचायला, आणि आपण ‘खाली, खाली’ म्हणत हात लावला की त्याला हवं ते मिळतं. चारही पाय जमिनीवर येईपर्यंत कुणीच बघायचं नाही, बोलायचं नाही. पाय टेकले की खाली वाकून मनापासून लाड करायचे. पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

भुंकणं

भुंकण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त असतात आणि इलाज सगळ्यात चुकीचे होतात. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटतं, घरातलेही भुंकायला लागले, म्हणजे बाहेर नक्की काही तरी आहे. आधी भुंकण्याचं कारण ओळखायला हवं.

कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. आपल्या दृष्टीने काम झालं म्हणून तो गेला. कुत्र्याच्या दृष्टीने तो भुंकल्यामुळे गेला. हा विजय त्याला रोज मिळतो, म्हणून सवय पक्की होत जाते. कचऱ्याची गाडी, दूधवाला, जिन्यातून उतरणारा शेजारी, सगळ्यांचं हेच.

इथे बेलचा अर्थ बदलावा लागतो. भुरीसाठी आम्ही तिची सतरंजी दारापासून आठ-दहा पावलांवर टाकली. घरातलं एक जण बाहेर उभं राहून बेल दाबायचं. बेल वाजल्याबरोबर, तिने तोंड उघडायच्या आत, मी सतरंजीवर उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा टाकायचे. असं एका बैठकीत आठ-दहा वेळा, रोज दोन बैठका. पहिले तीन दिवस ती भुंकून मग तुकड्याकडे धावायची. पाचव्या दिवशी बेल वाजली आणि ती दाराकडे न जाता मान वळवून सतरंजीकडे बघायला लागली. दोन आठवड्यांनी बेल ऐकून स्वतःहून सतरंजीवर जाऊन बसायची. मग दार उघडायचं आणि दार बंद झाल्यावर खाऊ. आजही ती एकदा ‘बुफ्’ करते. तेवढा तिचा हक्क आहे. राखण करणं तिच्या रक्तात आहे.

कंटाळ्याचं भुंकणं वेगळं. ते एकसुरी असतं, तासन् तास चालतं आणि शेजाऱ्यांकडून कळतं. मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो, पण उरलेल्या वेळात त्याला काही काम लागतं. वाडगाभर खाणं समोर ठेवण्याऐवजी अर्धं खाणं जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली ठेवा. शोधून खायला त्याला वीस मिनिटं लागतील आणि त्यानंतर तो शांत झोपेल.

एकटं राहायची भीती हे तिसरं कारण. आपण निघालो की दार ओरबाडणं, लाळ गाळणं, घरात शू होणं ही त्याची लक्षणं. याला शिक्षा केली तर भीती वाढते. आधी एक मिनिट बाहेर जाऊन परत या, मग पाच, मग पंधरा. जाताना निरोपाचा सोहळा नको, येताना आरडाओरडा नको. पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात सगळे रजा काढून त्याच्याभोवती बसतात आणि आठव्या दिवशी घर अचानक रिकामं होतं. तसं न करता पहिल्या दिवसापासून त्याला थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा. तरीही कमी होत नसेल तर डॉक्टरांशी बोला. यावर औषधं आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

फिरायला नेणं म्हणजे वास घेऊ देणं

पुष्कळ जण कुत्र्याला दहा मिनिटं खाली नेतात, शी-शू झाली की ओढत वर आणतात. झाडाच्या बुंध्याशी तो थांबला की ‘चल ना’ म्हणून पट्टा खेचतात. त्या बुंध्यावर त्याला सकाळपासून कोण आलं, कोण गेलं हे सगळं कळत असतं. आपण वर्तमानपत्र उघडावं आणि कुणी हातातून ओढून न्यावं, तसं त्याला होतं. दिवसातून दोनदा तीस-चाळीस मिनिटं फिरवा आणि त्यातला निम्मा वेळ त्याच्या नाकाला द्या. वास घेऊन दमलेला कुत्रा घरी येऊन सोफा कुरतडत नाही.

पट्टा ओढण्याची सवय आपणच लावतो. तो ओढतो, आपण मागून जातो, म्हणजे ओढलं की पुढे जाता येतं. पट्टा ताणला की झाडासारखं उभं राहायचं. सैल झाला की चालायचं. पहिले काही दिवस शंभर पावलांना पंधरा मिनिटं लागतील, धीर धरा. गळ्याला जोर पडू नये म्हणून छातीवर बसणारा हार्नेस वापरा. आणि रस्त्यावर कितीही शहाणा कुत्रा असला तरी पट्टा सोडू नका.

आपलं ताट, त्याचं ताट

जेवताना मांडीवर डोकं ठेवून बघत बसायची सवय एका घासाने लागते. एकाने एकदा पोळीचा तुकडा दिला की पुढची दहा वर्षं तो प्रत्येक जेवणाला हजर असतो. त्याला त्याच्या वेळी, त्याच्या भांड्यात द्या आणि आपल्या जेवणाच्या वेळी त्याच्या सतरंजीवर बसायला शिकवा.

दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण धड वाढत नाही. त्याला प्रथिनं लागतात. अंडी, चिकन, मासे यांतलं काही किंवा चांगलं तयार खाद्य मुख्य असावं. भात, भाकरी, भोपळा, गाजर सोबतीला चालतात. अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात.

काही पदार्थ मात्र घातक आहेत आणि ते आपल्या स्वयंपाकघरात रोज असतात. कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले, फोडणीतले, सगळेच वाईट. त्यांच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कालवणाचा रस्सा किंवा फोडणीची आमटी भातावर घालून देऊ नका. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणेही त्यात आले. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला विषारी असतं, आणि चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल त्याहून घातक. शिजवलेली हाडं चावल्यावर सुरीसारखी फुटतात आणि आतडं फाडू शकतात. रविवारच्या मटणाची हाडं प्रेमाने देणाऱ्या आजी-आजोबांना हे समजावून सांगा. तापासाठी आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कधीही देऊ नका.

ऊन, पाऊस आणि दिवाळी

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, किंवा मेमधल्या पुण्यातसुद्धा, दुपारी बाहेर नेलं तर ते झपाट्याने चढतं. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना आणि हस्की, सेंट बर्नार्डसारख्या थंड प्रदेशातल्या जातींना आपला उन्हाळा जीवघेणा ठरतो. अशी पिल्लं विकत आणण्याआधी याचा विचार करा. लातूर-धाराशिवकडची कारवानी जात किंवा रस्त्यावरचं गावठी पिल्लू आपल्या हवेला मुळातच जुळलेलं असतं. उन्हाने कुत्रा झोकांड्या खायला लागला, हिरड्या लाल झाल्या, लाळ घट्ट झाली तर अंगावर गार पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि तडक डॉक्टरांकडे न्या. बर्फ लावू नका.

पावसाळ्यात गोचीड वाढतात. गोचिडीच्या तापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. रोज फिरून आल्यावर कानांच्या आत, गळपट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची आणि बोटांनी चिरडायची नाही. रॉकेल-पेट्रोल लावू नका. औषधी पट्टा, गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना विचारून नियमित वापरा. साचलेल्या पाण्यात उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसांनाही होतो, म्हणून डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका.

दिवाळीत आपल्याला जो आवाज मोठा वाटतो, तो कुत्र्याला असह्य होतो. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा. घरातली एक आतली खोली निवडा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. तो पलंगाखाली शिरला तर शिरू द्या, बाहेर ओढू नका. जवळ आला तर कुशीत घ्या. धीर दिल्याने भीती वाढत नाही. गळपट्ट्यावर तुमच्या फोन नंबरचा बिल्ला हवाच, कारण याच दिवसांत घाबरून पळालेले कुत्रे हरवतात. फार घाबरणाऱ्या कुत्र्याबद्दल दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा.

गुरगुरणं ऐकून घ्या

शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश आहे, असं दर वेळी नसतं. ताठ, उंच धरलेलं आणि थोडंच हलणारं शेपूट ताणही दाखवतं. कुत्रा अस्वस्थ असला की आधी ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान फिरवतो, डोळ्यांचं पांढरं दिसतं. एवढं करूनही कुणी ऐकलं नाही तर गुरगुरतो. ही त्याची शेवटची विनंती असते. तिच्याबद्दल मार बसला तर तो गुरगुरायचं थांबतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो.

घरात लहान मूल असेल तर जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, शेपूट ओढायचं नाही, हे मुलाला शिकवा. दोघांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका. कुत्रा चावला किंवा दात लागला, मग तो कुणाचाही असो, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

शेजारधर्म

सोसायटीला सदनिकाधारकांना कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून शेजाऱ्याची भीती किंवा त्रास खोटा ठरत नाही. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीला जा. पट्टा आखूड धरा. खिशात कागद-पिशवी ठेवून शी उचला, प्रत्येक वेळी. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. तो काढून ठेवा. आमच्या मजल्यावरच्या काकू पहिली दोन वर्षं भुरीला बघून दार लावून घ्यायच्या. आज त्या तिला नावाने हाक मारतात. शी उचलणारा मालक रोज दिसला की माणसं निवळतात.

सवय अचानक बदलली तर

घरात कधीही शू न करणारा कुत्रा करायला लागला, नेहमी लाडात येणारा हात लावू देईना, खाण्यावर तुटून पडणारा भांड्याकडे बघेना, तर आधी डॉक्टरांकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, दातदुखी, सांधेदुखी हे आजार सवयीच्या रूपातच पहिल्यांदा दिसतात. भुरी आता नऊ वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिने सोफ्यावर चढणं सोडलं. शहाणी झाली असं घरात सगळे म्हणाले. तपासलं तर मागच्या पायाचा सांधा दुखत होता. आता गुळगुळीत फरशीवर तिच्या वाटेने सतरंज्या अंथरल्या आहेत, आणि ती पुन्हा चढते.

रेबीजसह सगळ्या लसी वेळेवर, जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी, नसबंदीचं योग्य वय डॉक्टरांना विचारून, एवढं वेळापत्रक कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि पिल्लू आणण्याआधी पुढची बारा-चौदा वर्षं डोळ्यांसमोर आणा. मुलांची बारावी, बदली, आई-वडिलांचं आजारपण या सगळ्यात तो असणार आहे. नंतर रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरात कुत्रा असेल तर सुरुवात आज रात्रीपासूनच करा. जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा, चार शब्द ठरवा, कागदावर लिहा आणि फ्रिजच्या दारावर लावा. खाली तुमच्या घराचा एक नियम लिहा. उद्या सकाळपासून तो सगळ्यांनी पाळा. कुत्रा आपोआप शिकेल.